टचपॅड रुसलं की आधी काय तपासाल: सॉकेटपासून स्टार्टअपपर्यंत

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना पिंपळगाव बसवंतहून एका बागायतदार दादांचा सकाळी सातला फोन आला. "ताई, बाण जागचा हलत नाहीये. रात्री नीट बंद करून ठेवला होता. आता व्यापाऱ्याला पेट्यांची यादी पाठवायचीय, गाडी दारात उभी आहे." मी म्हटलं, "दादा, विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबा. मग नुसतं यू. मग नुसतं आर." लॅपटॉप रीस्टार्ट झाला आणि बाण हलायला लागला. पण दादांचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता. "रात्री बंदच तर केला होता ना? मग आता पुन्हा बंद करून चालू केल्यानं काय फरक पडला?"

फरक पडतो, आणि बराच पडतो. नाशिकमध्ये कॉम्प्युटर क्लास चालवताना माझ्याकडे टचपॅडच्या जेवढ्या तक्रारी येतात, त्यांपैकी बऱ्याच तक्रारींचं मूळ टचपॅडमध्ये नसतंच. ते लॅपटॉप सुरू कसा होतो यात असतं, नाहीतर भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतं. लोक मात्र थेट दुकान गाठतात आणि टचपॅड बदलून घेतात. तो खर्च करण्याआधी घरच्या घरी काय तपासायचं, ते मी क्लासमध्ये ज्या क्रमाने शिकवते त्याच क्रमाने इथे लिहिते. यातलं सगळं विंडोज १० आणि ११ ला लागू आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण पुढच्या पायऱ्या त्यावरही तशाच चालतात.

आधी कीबोर्डवर हात बसवा

बाण हलत नसला की माणूस गांगरतो, कारण पुढचं काही करायलाही बाणच लागतो. दोन-अडीचशे रुपयांचा तारेचा यूएसबी माउस घरात असू द्या, हा माझा पहिला सल्ला. तो नसेल तर एवढी बटणं पुरतात. विंडोजचं बटण दाबून जे हवं त्याचं नाव इंग्रजीत टाइप करायचं आणि एंटर मारायचं. खिडकीत एका जागेवरून दुसरीकडे जायला टॅब, मागे यायला शिफ्ट आणि टॅब. यादीत वर-खाली जायला बाणांची बटणं. एखादा स्विच चालू-बंद करायला किंवा खूण करायला स्पेसबार. माउसच्या उजव्या क्लिकसाठी शिफ्ट आणि एफ१०. खिडकी बंद करायला ऑल्ट आणि एफ४.

वर दादांना सांगितलेली किल्ली पाठच करून ठेवा: विंडोज आणि एक्स, मग यू, मग आर. स्क्रीन दिसतेय पण बाण मेलाय अशा वेळी पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बळजबरीने विझवण्यापेक्षा हा रस्ता केव्हाही बरा. अर्धवट लिहिलेली फाइल असेल तर आधी कंट्रोल आणि एस दाबून ती वाचवा.

तीन प्रश्न

काहीही बदलण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहा. चार्जर काढल्यावर फरक पडतो का? शट डाउन करून चालू केल्यावर बिघडतं आणि रीस्टार्ट केल्यावर सुधारतं, असं होतं का? आणि बिघाड सुरू होण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत काय बदललं होतं: अपडेट आलं, नवं सॉफ्टवेअर टाकलं, कोणी 'लॅपटॉप फास्ट करून देतो' म्हणत काही बंद केलं, की चहा सांडला?

पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर सॉकेटचा भाग वाचा. दुसऱ्याचं 'हो' असेल तर फास्ट स्टार्टअपचा, म्हणजे विंडोज झटपट सुरू करणाऱ्या सोयीचा. तिसऱ्यातून काही हाती लागलं तर निम्मं काम झालंच म्हणून समजा.

चुकून दाबलं गेलेलं बटण

हे दोन मिनिटांत उरकतं, म्हणून आधी. कीबोर्डच्या वरच्या रांगेत एफ१ ते एफ१२ पैकी एखाद्या बटणावर छोट्या चौकोनाचं चित्र असतं, बहुतेक वेळा त्यावर तिरकी रेघ किंवा बोट काढलेलं. ते टचपॅड चालू-बंद करण्याचं बटण. ते नुसतं किंवा एफएन बटणासोबत एकदा दाबून पाहा. कंपनी आणि मॉडेल बदललं की हे बटणही बदलतं, म्हणून आकडा पाठ करू नका, चित्र शोधा. एचपीच्या काही जुन्या लॅपटॉपवर टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बारीक दिवा असतो. तिथे दोनदा टिचकी मारली की टचपॅड बंद होतं आणि पुन्हा दोनदा मारली की चालू. लहान मुलं खेळताना हे हमखास करून ठेवतात. असुसच्या काही मॉडेलांमध्ये टचपॅडवरच आकड्यांची चौकट उजळते. तेव्हा उजव्या वरच्या कोपऱ्यातली खूण दाबून धरायची, चौकट जाते.

मग विंडोज दाबून इंग्रजीत टचपॅड टाइप करा आणि टचपॅड सेटिंग्ज उघडा. विंडोज ११ मध्ये हेच पान सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, टचपॅड या वाटेनेही सापडतं. १० मध्ये सेटिंग्ज, डिव्हायसेस, टचपॅड. सर्वांत वरचा स्विच चालू आहे ना, ते पाहा. तिथेच 'लीव्ह टचपॅड ऑन व्हेन अ माउस इज कनेक्टेड' अशी ओळ असते. तिच्यापुढची खूण काढलेली असेल आणि वायरलेस माउसचा नखाएवढा रिसीव्हर यूएसबीमध्ये तसाच राहिला असेल, तर माउस कपाटात असला तरी टचपॅड बंद राहतं. हा रिसीव्हर इतका लहान की तो लावलाय हेच लोक विसरतात. लॅपटॉपच्या दोन्ही कडांवरून एकदा बोट फिरवून पाहा.

याच पानावर सेन्सिटिव्हिटी असते, चार पातळ्यांची. तिच्याबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचंय. टचपॅडला बोटाचा दाब कळत नाही. बोट जवळ आल्याने पृष्ठभागावरच्या विद्युतभारात जो सूक्ष्म बदल होतो, तो कळतो. त्वचा कोरडी आणि जाड असेल तर तो बदल क्षीण होतो. छाटणीची कात्री चालवून घट्टे पडलेली बोटं, त्यात निफाडकडची डिसेंबरची कोरडी थंडी, मग टचपॅड 'ऐकत नाही'. अशांनी सेन्सिटिव्हिटी सर्वांत वरच्या पातळीवर, म्हणजे 'मोस्ट सेन्सिटिव्ह'वर न्यावी. दिवसभर टायपिंग करणाऱ्यांची तक्रार बरोब्बर उलटी असते: तळहात घासतो आणि लिहिता लिहिता बाण भलत्याच ओळीत उडी मारतो. त्यांनी ती 'लो'वर आणावी. पावसाळ्यात ओलसर बोटांनी किंवा केसांना तेल लावलेल्या हातांनीही बाण भरकटतो. लॅपटॉप बंद करून, किंचित ओलसर सुती कापडाने टचपॅड पुसून कोरडं करायचं, एवढंच. पूर्वी कोणी काय काय बदललंय ते कळेनासं झालं असेल तर त्याच पानावरचं 'रीसेट' बटण सगळं मूळ पदावर आणतं.

चार्जर लावला की बाण नाचतो

सराफ बाजाराजवळच्या एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या काकूंचा लॅपटॉप दोन वेळा दुरुस्तीला जाऊन आला होता. दुकानात नीट चालायचा, घरी आणला की बाण थरथरायचा. "बाई, याला आमच्या घरचं वावडं आहे बघ," काकू म्हणाल्या. मी बसले, चार्जर काढला, बाण शांत. चार्जर लावला, बाण थरथरायला लागला. धातूच्या झाकणावरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली तर मुंग्यांसारखी झिणझिण जाणवली. सॉकेटकडे पाहिलं: तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावलेला, कारण भिंतीतलं सॉकेट जुनं, दोन भोकांचं. वरची जाड पिन हवेत लोंबत होती.

तीच जाड, लांब पिन म्हणजे अर्थिंग. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून अगदी थोडी वीज चार्जरच्या दुसऱ्या बाजूला झिरपते. अर्थिंग असेल तर ती जमिनीत निघून जाते. नसेल तर लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर चढून बसते. प्रवाह फार कमी असल्याने सहसा झटका बसत नाही, पण टेस्टर लावला तर मंद उजळतो. आणि टचपॅड तर विद्युतभारातल्या सूक्ष्म बदलांवरच जगतं! त्याला वाटतं एकाच वेळी दहा बोटं फिरताहेत.

तपासणी सोपी आहे. बाण नाचत असताना चार्जर काढा. एका मिनिटात शांत झाला, तर टचपॅड निर्दोष आहे. आता चार्जर कन्व्हर्टरशिवाय, नीट तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावून पाहा. तरीही नाचत असेल तर सॉकेटला तीन भोकं आहेत पण मागे अर्थिंगची तार जोडलेली नाही, अशी शंका घ्या. जुन्या नाशिकमधल्या आणि पंचवटीतल्या कितीतरी घरांत मी हे पाहिलंय. नव्या इमारतींतही एखादं सॉकेट असं निघतं. वायरमनला बोलावून मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे २३० व्होल्ट यायला हवेत, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये फार तर दोन-चार. फेज आणि अर्थमध्ये अगदीच कमी आकडा आला तर अर्थिंग नाही. ही मोजणी स्वतः करू नका, आणि अर्थिंगची तार नळाच्या पाइपला बांधण्याचा जुगाड तर अजिबात नको. हेच अर्थिंग तुमच्या गिझर आणि वॉशिंग मशीनलाही लागतं. बाणाच्या निमित्ताने ते कळलं हे चांगलंच झालं.

घरातलं अर्थिंग व्यवस्थित असूनही बाण नाचत असेल तर चार्जर तपासा. मूळ चार्जर बिघडल्यावर स्वस्तातला पर्यायी घेतला असेल तर ओळखीच्या कोणाकडून त्याच मॉडेलचा मूळ चार्जर तासभर मागून आणा आणि तो लावून पाहा.

बंद केलेला लॅपटॉप खरंच बंद होतो का?

आता दादांच्या प्रश्नाकडे येते. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा त्यात फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आणि ती आजही बहुतेक लॅपटॉपवर आपोआप चालू असते. शट डाउन म्हटलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि त्याला जोडलेले ड्रायव्हर (टचपॅडसारख्या भागांशी विंडोजचं बोलणं करून देणारे छोटे प्रोग्रॅम) बंद न होता, आहेत त्या अवस्थेत डिस्कवर जपून ठेवले जातात. सकाळी बटण दाबलं की ते तसेच्या तसे परत उचलले जातात. म्हणून चालू व्हायला वेळ कमी लागतो. पण टचपॅडचा ड्रायव्हर रात्री अडकलेल्या अवस्थेत असेल तर सकाळी तो अडकलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये मात्र हा आडमार्ग वापरला जात नाही, सगळं नव्याने मांडलं जातं. ऐकायला उलटं वाटतं, पण विंडोजमध्ये 'रीस्टार्ट' हे 'शट डाउन'पेक्षा जास्त पक्कं बंद करणं आहे.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा, सीपीयू निवडा. खाली 'अप टाइम' दिसेल. रोज रात्री शट डाउन करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर तिथे कित्येक दिवस साचलेले दिसतात. दादांच्या लॅपटॉपवर ११ दिवस होते.

एकदाच पक्कं बंद करायचं असेल तर शिफ्टचं बटण दाबून ठेवून स्टार्ट मेनूतलं शट डाउन निवडा. रोजचीच कटकट असेल तर फास्ट स्टार्टअप काढून टाका. इंग्रजीत कंट्रोल पॅनेल शोधून उघडा, हार्डवेअर अँड साउंड, त्यात पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. पुढच्या पानावर खालच्या ओळी फिकट असतील. वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ निवडली की त्या जाग्या होतात. मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'पुढची खूण काढा आणि सेव्ह करा. ही ओळ तिथे दिसलीच नाही तर तुमच्या लॅपटॉपवर हायबरनेट (चालू अवस्था डिस्कवर जपून बंद होण्याची सोय) बंद आहे, म्हणजे फास्ट स्टार्टअपही नाही; पुढे चला.

एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, असलेल्या लॅपटॉपवर फास्ट स्टार्टअप काढल्याने फार तर काही सेकंद जास्त लागतात. मी क्लासमधल्या सगळ्या लॅपटॉपवर ती बंदच ठेवते. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर फरक जाणवतो, त्याबद्दल पुढे लिहिते.

ड्रायव्हरशी बोलायचं ठिकाण

वरचं सगळं करूनही बाण मेलेलाच असेल तर विंडोज आणि एक्स, मग एम. डिव्हाइस मॅनेजर उघडतो. टॅब दाबून यादीत शिरा, बाणाच्या बटणाने खाली जा, उजव्या बाणाच्या बटणाने फांदी उघडा. दोन फांद्या पाहायच्या: 'ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस' आणि 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस'. अलीकडच्या लॅपटॉपवर पहिलीत 'एचआयडी कम्प्लायंट टचपॅड' आणि 'आय२सी एचआयडी डिव्हाइस' अशा नोंदी असतात. जुन्यांवर दुसरीत सिनॅप्टिक्स किंवा ईलान ही टचपॅड बनवणाऱ्या कंपन्यांची नावं दिसतात.

नोंदीवर पिवळा त्रिकोण असेल आणि एंटर मारल्यावर आत 'कोड १०' लिहिलेलं असेल तर ड्रायव्हर सुरू होऊ शकलेला नाही. इथे एक उपाय बऱ्याचदा लागू पडतो: लॅपटॉप पक्का बंद करा, चार्जर आणि जोडलेलं सगळं काढा, निघणारी बॅटरी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत साचलेला भार उतरतो. मग चार्जर लावून सुरू करा.

तरी नाहीच, तर त्या नोंदीवर शिफ्ट आणि एफ१० दाबून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडा. विचारणा येईल तिथे ड्रायव्हर पुसून टाकण्याची खूण करू नका. मग विंडोज आणि एक्स, यू, आर. उठताना विंडोज टचपॅड नव्याने ओळखतं. बिघाड एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर उलट करा: नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं, त्याने आधीचा ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकट असेल तर आधीची प्रत शिल्लक नाही; मग लॅपटॉपच्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन तुमचा मॉडेल क्रमांक टाका आणि टचपॅडचा ड्रायव्हर घ्या. इंटेलच्या प्रोसेसरवर त्यासोबत 'सीरियल आयओ' ड्रायव्हरही घ्या, कारण आय२सी, म्हणजे टचपॅडला प्रोसेसरशी जोडणारा रस्ता, तिथूनच जातो आणि रस्ताच नसेल तर टचपॅड पोचणार कुठून? 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' असं सांगणारी सॉफ्टवेअर मात्र उतरवू नका. त्यांनी बिघडवलेले लॅपटॉप मी मोजणं सोडून दिलंय.

झाकण मिटून उघडल्यावरच टचपॅड जात असेल तर त्याच नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब दिसतो का पाहा. दिसला तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा.

स्टार्टअपची यादी: काय काढायचं, काय ठेवायचं

लॅपटॉप हळू सुरू होतो म्हणून लोक टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये जातात आणि ओळखीचं नसलेलं सगळं बंद करतात. मग दुसऱ्या दिवशी दोन बोटांनी पान सरकत नाही. कारण जुन्या लॅपटॉपवर सिनॅप्टिक्स किंवा ईलानचा छोटा प्रोग्रॅम याच यादीतून सुरू होतो आणि बोटांच्या हालचाली तोच सांभाळतो. ईलानचा तर नुसता ईटीडी अशा अक्षरांनी दिसतो, म्हणून तो व्हायरस वाटतो. बाण चालतो पण सरकवणं, चिमटीने मोठं करणं बंद पडलंय, असं असेल तर आधी इथे या आणि ती नोंद पुन्हा 'एनेबल' करा.

यादीत प्रत्येकापुढे 'स्टार्टअप इम्पॅक्ट' असतो. सुरू होताना प्रोसेसरचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन घेणाऱ्याला विंडोज 'हाय' म्हणतं. 'हाय' म्हणजे वाईट नव्हे. गरजेचा प्रोग्रॅमही हाय असू शकतो. टीम्स, स्पॉटिफाय, गेमची लाँचर, मोबाइल जोडण्याची सॉफ्टवेअर, निरनिराळे अपडेटर: ही खुशाल बंद करा, लागतील तेव्हा तुम्ही उघडालच. वनड्राइव्ह बंद करण्याआधी तुमची डेस्कटॉपची कागदपत्रं त्यात साठतात का ते पाहा.

ठेवायचं काय? अँटिव्हायरस, आवाजाचा आणि टचपॅडचा प्रोग्रॅम, आणि आपल्याकडच्या कामाच्या दोन गोष्टी ज्या इंग्रजी लेखांत सहसा सापडत नाहीत. एक, मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर. ती स्टार्टअपमधून उडाली की कार्यालयातली माणसं 'फॉन्ट गेला' म्हणत फोन करतात. फॉन्ट असतो, त्याला जागं करणारा प्रोग्रॅम झोपलेला असतो. दुसरी, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनची. प्रॉक्सकी किंवा ईपाससारख्या टोकनचा प्रोग्रॅम सुरू नसेल तर टोकन लावूनही स्वाक्षरी सापडत नाही. एका कर सल्लागार मॅडमनी शेवटच्या तारखेला रात्री दहाला मला बोलावलं होतं, आणि दोष होता तो एवढाच.

एका वेळी दोन-तीनच नोंदी बंद करा, रीस्टार्ट करा, एक दिवस वापरा, मग पुढच्या. काय बंद केलं ते वहीत लिहा. यात वेळ जातो, पण काही बिघडलं तर कशामुळे, हे तेव्हाच कळतं.

एवढं करूनही लॅपटॉप उठायला पाच-पाच मिनिटं घेत असेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये डिस्कखाली काय लिहिलंय ते वाचा. 'एचडीडी', म्हणजे फिरती हार्ड डिस्क, असेल आणि सुरू झाल्यावर बराच वेळ वापर १०० टक्क्यांवर चिकटून राहत असेल, तर कुठल्याही सेटिंगने तो पळणार नाही. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी ती तबकडी आजच्या विंडोजला पुरी पडत नाही. तिथे एसएसडी बसवा. जुन्या लॅपटॉपवर खर्च करायचाच असेल तर तो इथे करा, असं मी मनापासून सांगते.

बायोस आणि सेफ मोड

बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणारं लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर. तिथे उतरण्याआधी एक काम कराच. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली (विंडोज १० मध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी'खाली) 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कवरच्या फाइली कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू आहे का पाहा. चालू असेल तर तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की वहीत उतरवून घ्या. बायोसमध्ये बदल केल्यावर लॅपटॉप ती मागू शकतो आणि नसेल तर तुमच्याच फाइलींना तुम्ही परके होता.

स्टार्ट मेनूतलं रीस्टार्ट शिफ्ट दाबून निवडा. निळ्या पानावर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथून 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' निवडलं की थेट बायोस उघडतं. बटण दाबूनही जाता येतं: डेल, एसर, असुसवर सुरू होताना एफ२, एचपीवर एस्केप मग एफ१०, थिंकपॅडवर एफ१. पण हल्ली स्क्रीन इतकी झरकन जाते की शिफ्टचा रस्ताच सोपा. आत 'टचपॅड' किंवा 'इंटर्नल पॉइंटिंग डिव्हाइस' अशी ओळ 'डिसेबल्ड' असेल तर 'एनेबल्ड' करा. एसरच्या बऱ्याच मॉडेलांमध्ये तिथे 'ॲडव्हान्स्ड' आणि 'बेसिक' असे पर्याय असतात. विंडोज नव्याने टाकल्यावर टचपॅड गायब असेल तर 'बेसिक' करून पाहा. बाण आला तर ड्रायव्हर टाका आणि परत 'ॲडव्हान्स्ड'वर या, कारण तीन-चार बोटांच्या हालचाली तिथेच मिळतात. बायोसमधला इतर काही पर्याय ओळखीचा नसेल तर त्याला हात लावू नका. बाहेर पडताना एफ१० म्हणजे बहुतेक ठिकाणी 'जतन करून बाहेर'.

लॅपटॉप सुरू होताना 'नो बूटेबल डिव्हाइस' म्हणाला तर घाबरण्याआधी पेन ड्राइव्ह लावलेला राहिलाय का पाहा. बूटच्या क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' सर्वांत वर असावा.

सेफ मोडसाठी, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींसह विंडोज सुरू करण्यासाठी, त्याच निळ्या पानावरून स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ दाबा. इंटरनेट हवं असेल तर ५. नेहमीच्या वेळी लॅपटॉप अडखळतो आणि सेफ मोडमध्ये सुरळीत चालतो, तर दोष बहुधा तुम्ही नंतर टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरचा किंवा ड्रायव्हरचा. एक लक्षात असू द्या: काही लॅपटॉपचं टचपॅड सेफ मोडमध्ये मुळात चालतच नाही, म्हणून तिथे बाण नसणं हा पुरावा धरू नका, यूएसबी माउस जवळ ठेवा.

दुकानात न्यायची वेळ

टचपॅडची एक बाजू वर आलेली दिसली, क्लिक करायला अचानक जड जाऊ लागलं, किंवा लॅपटॉप टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतो आहे, तर सेटिंग्ज विसरा. टचपॅडच्या खाली किंवा लगतच बॅटरी असते आणि ती फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू तर मुळीच नका. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. नवी बॅटरी बसवून घ्या, आणि जुनी घरच्या कचऱ्यात न टाकता दुकानातच परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

चहा-पाणी सांडलं असेल तर तांदळात ठेवण्याचा उपाय विसरा. लगेच बंद करा, चार्जर काढा, उलटा तंबूसारखा उभा करा आणि चालू करून न पाहता न्या.

एम. जी. रोडवर न्या किंवा कॉलेज रोडवर, आधी फाइलींची प्रत काढून ठेवा. आणि नुसतं 'टचपॅड खराब आहे' असं सांगू नका. कागदावरची तीन उत्तरं वाचून दाखवा: चार्जरशिवाय काय होतं, रीस्टार्टनंतर काय होतं, कधीपासून. आतली रिबन केबल सैल झाली आहे का ते आधी पाहायला सांगा. लॅपटॉप पडला असेल किंवा नुकताच उघडला गेला असेल तर ती निसटते आणि नवा भाग न घालताही काम होतं. भाग बदललाच तर जुना मागून घ्या. पैसे देण्याआधी काउंटरवरच लॅपटॉप एकदा शट डाउन करून चालू करा, एकदा रीस्टार्ट करा, एकदा झाकण मिटून उघडा, आणि या तिन्ही वेळा चार्जर लावून व काढून बाण फिरवून पाहा.